डबा सापडला, म्हणजे उत्तर बरोबर?

लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असालच. या खेळाचे एक नवे रूप २००० साली अमेरिकेत जन्मास आले. त्यापूर्वी जीपीएस या उपग्रह-यंत्रणेचे जे संकेत सामान्य नागरिकांना मिळत, त्यांत अमेरिकन सरकार हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. त्यामुळे जागा ठरवताना सुमारे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० रोजी हे बंधन उठले आणि हा फरक एकदम दहा-वीस मीटरांवर आला. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत डेव्ह उल्मर या गृहस्थांनी एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला हवे त्याने यंत्र घेऊन ती शोधावी! याच खेळाला पुढे ‘जिओकॅशिंग’ हे नाव पडले.

या खेळाचा एक प्रकार कोड्याचा आहे. त्यात जाहीर केलेली जागा खरी नसते. खरी जागा तिच्यापासून साधारण तीन किलोमीटरांच्या आत असते आणि तिच्या अक्षांश-रेखांशांतील गाळलेले अंक कोडे सोडवून मिळवायचे असतात. अशा कोड्यासाठी चित्रपट, व्यंगचित्रे आणि कादंबऱ्या यांतील डायनोसॉर हा मोठा सोयीचा विषय आहे. शिंगे, बोटे, शेपटीवरचे काटे, चित्रपटांची वर्षे, असे अंकच अंक त्यात मिळतात. शिवाय डायनोसॉर आवडत नाही असा विद्यार्थी विरळाच. माझे मत असे, की असे कोडे विज्ञान शिकवण्याचे उत्तम साधन होऊ शकते. मात्र ते आपोआप होत नाही. निष्काळजीपणे रचलेले कोडे चुकीची समजूत उलट अधिक पक्की करते. असे का, ते पाहू.

प्रथम कोड्याचा गुण सांगतो. १९४० साली आलेल्या ‘फँटेशिया’ या डिस्नेच्या चित्रपटात टिरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांची भर पावसात झुंज होते. त्यातील टिरॅनोसॉरसच्या हाताला तीन बोटे दाखवली आहेत. खडकात सापडलेल्या सांगाड्यांवरून त्याला दोनच बोटे होती असे दिसते. आणि मुळात ही झुंज होणेच शक्य नव्हते. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर टिरॅनोसॉरस ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टिरॅनोसॉरस हा काळाच्या दृष्टीने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे! चित्रपटगृहात बसून या चुका पाहिल्या, तर आपले काहीच बिघडत नाही. खेळ संपतो, आपण घरी येतो आणि तीन बोटे मनात राहून जातात.

आता हीच गोष्ट कोड्यात घाला. समजा, अक्षांशाच्या मिनिटांमधील दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक म्हणजे टिरॅनोसॉरसच्या एका हाताची बोटे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, ते सुमारे १.८५ किलोमीटरांचे. त्याचा दहावा भाग १८५ मीटरांचा. तेव्हा ज्याने चित्रपटावर विसंबून २ ऐवजी ३ धरले, तो बरोबर १८५ मीटर दूर जाऊन भलत्याच झाडाखाली शोधत बसेल. चुकीच्या माहितीची लांबी मीटरमध्ये मोजता आली! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला याहून समाधानाची गोष्ट कोणती? चूक फुकट जात नाही, ती पायांना कळते. मग खेळाडू परत येतो, पुस्तक उघडतो आणि बोटे मोजतो.

पण थांबा. कोडे रचणाऱ्यानेच तीन बोटे धरली असतील तर? मग दोन बोटे धरणारा जाणकार विद्यार्थी झाडीत भटकत राहील आणि चित्रपटावर विसंबणाऱ्याला डबा तात्काळ सापडेल. डबा हाती आल्यावर त्याला आपल्या उत्तराबद्दल शंका कशाला येईल? येथेच खरा धोका आहे. डबा सापडला याचा अर्थ एवढाच, की आपले उत्तर कोडे रचणाऱ्याच्या उत्तराशी जुळले. ते निसर्गाशी जुळले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. गणिताच्या पुस्तकामागील उत्तरे पाहून निःशंक होणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि ती पाहूनच गुण देणाऱ्या शिक्षकांनीही या फरकाचा विचार करावा.

काही जण म्हणतील, “अहो, हा करमणुकीचा खेळ आहे. त्यात धडा कशाला घुसडता? प्रश्न चित्रपटावर, उत्तर चित्रपटातले, झाले!” या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपटावर प्रश्न विचारण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्न संदिग्ध ठेवण्यास. “व्हेलोसिरॅप्टर केवढा होता?” असे विचारले, तर १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटाप्रमाणे तो माणसाएवढा उंच. खडकाला विचाराल, तर तो टर्की पक्ष्याएवढा, शेपटीसह सुमारे दोन मीटर लांब. शिवाय मंगोलियात सापडलेल्या त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या खुणा असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा “चित्रपटात केवढा दाखवला?” आणि “प्रत्यक्षात केवढा होता?” हे दोन निराळे प्रश्न आहेत. चांगल्या कोड्यात ते दोन्ही असावेत आणि त्यांच्या उत्तरांतील फरक हाच हवा असलेला अंक असावा. मग चित्रपट पाहिल्यावाचून चालणार नाही आणि पुस्तक वाचल्यावाचूनही चालणार नाही.

हा भेद किती उपयोगी आहे, ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात दिसते. तेथे १८५४ साली वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने डायनोसॉरांचे प्रचंड पुतळे उभारले. त्यांतील इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग आहे. १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे अनेक सांगाडे मिळाले, आणि ते शिंग नसून अंगठ्याचा काटा होता, हे स्पष्ट झाले. पुतळे मात्र आजही तेथेच आहेत. “पुतळ्याचा काटा कोठे आहे?” याचे उत्तर पुतळा असेपर्यंत बदलणार नाही. “प्राण्याचा काटा कोठे होता?” याचे उत्तर बदलले, आणि ते बदलले हेच विज्ञानाचे बळ आहे.

यावरून कलावंत चुका करतात आणि शास्त्रज्ञ त्या सुधारतात, असा सोपा निष्कर्ष काढू नका. पुतळ्यातील चूक ही त्या काळच्या शास्त्रज्ञांचीच होती. उलट, कधी कधी कलावंत विज्ञानाला देणगीही देतो. स्टेगोसॉरसच्या शेपटीवरील काट्यांच्या जुडग्याला स्वतंत्र नाव नव्हते. १९८२ साली गॅरी लार्सन या अमेरिकन व्यंगचित्रकाराने गंमत म्हणून त्याला ‘थॅगोमायझर’ असे नाव दिले. ज्या व्यंगचित्रात ते दिले, त्यात आदिमानव आणि डायनोसॉर एकाच काळात राहत असल्याची धमाल चूक मुद्दामच केली होती. तरी पुढे एका जीवाश्मतज्ज्ञाने ते नाव वापरले आणि आता तज्ज्ञांच्या लिखाणातही ते आढळते. चित्र काळाच्या दृष्टीने चुकीचे, पण त्यातला शब्द कामाचा निघाला!

आता एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. डायनोसॉरांच्या चित्रात पायाखाली हिरवे गवत दिसले, की जाणकार ती चित्रकाराची चूक म्हणून दाखवीत. गवत डायनोसॉरांनंतर आले, असा सर्वसाधारण समज होता. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉर-काळातील विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. आजच्यासारखी विस्तीर्ण कुरणे तेव्हा होती असे याने ठरत नाही, पण गवत होते आणि ते खाल्ले जात होते, एवढे निश्चित. म्हणजे २००४ साली एखाद्याने “चित्रातील चूक ओळखा” असे कोडे रचून ‘गवत’ हे उत्तर धरले असते, तर पुढच्याच वर्षी कोडे ठीक करावे लागले असते.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की असे एक कोडे शाळेत जरूर करून पाहावे. यंत्र नसले तरी अडत नाही. अक्षांश-रेखांशांऐवजी दिशा आणि पावले घ्या: बोटांच्या संख्येच्या दसपट पावले उत्तरेस, शिंगांच्या दसपट पूर्वेस. मैदानाबाहेर खेळायचे, तर जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. डबा जमिनीत पुरू नये आणि जीवाश्मांच्या जागी तर एक खडाही उचलू नये.

आणि एक गोष्ट विसरू नये. या खेळातील डब्यात एक नोंदवही असते. शोधणारा तीत नाव आणि तारीख लिहितो. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक अंक कोठून घेतला आणि तो कोणत्या सालच्या माहितीवर आधारला आहे, ते लिहा. पुढच्या पानांवर नाव व तारीख यांशेजारी एक रकाना अधिक आखा: “उत्तर पटले का? नसल्यास पुरावा द्या.” ज्या दिवशी एखादी विद्यार्थिनी त्या रकान्यात पुराव्यासह तुमची चूक लिहील, त्या दिवशी तुमचे कोडे यशस्वी झाले असे खुशाल समजा. मग अंक दुरुस्त करा आणि डबा नव्या जागी हलवा.