घरचा संगणक कोणाच्या सोयीने?

सुट्टी संपवून हॉस्टेलला परत आलो की पहिले दोन दिवस जेवणाच्या टेबलावर एकच विषय असतो. कोणी घरचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारून नवा केलेला असतो, कोणी काळी थीम लावलेली असते, कोणी खालची पट्टी उचलून डावीकडे नेलेली असते, कोणी कोणकोणते गेम टाकले ते मोजून सांगत असतो. ऐकायला मजा येते. मी मात्र हल्ली एकच विचारतो : तू तर इथे आलास, मग आता तो कॉम्प्युटर घरी कोण वापरतं? उत्तर बहुतेक वेळा येते, "आई कधीतरी लाइटबिल भरते," नाहीतर "बंदच असेल."

मित्रांनो, माझे मत सरळ आहे. नवी प्रणाली बसवल्यावर घरचा संगणक घरात राहणाऱ्या माणसांच्या सोयीने लावावा. आपण बोर्डर. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी एकत्र धरली तरी वर्षातले दोन-अडीच महिने आपण घरी असतो. उरलेले साडेनऊ-दहा महिने ते यंत्र आजी, आई, धाकटी बहीण यांच्याकडे असते. तरीही "मला कॉम्प्युटरमधले कळते" एवढ्या जोरावर आपण तो आपल्या आवडीने सजवतो आणि पेटी उचलून स्टेशनवर जातो.

हा विषय मागच्या दिवाळीत अनेकांच्या घरी निघाला असणार. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण पुढे सापडणाऱ्या त्रुटी आपोआप दुरुस्त होणे संपले. वाढीव मुदतीची एक योजना आहे, तीही तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. रायपूरला पुरानी बस्तीत आमच्या घरी जो डेस्कटॉप आहे तो २०१६ चा, सहाव्या पिढीचा, ४ जीबी रॅमचा. चालू स्थितीतला संगणक भंगारात द्यायला बाबा तयार नव्हते आणि मलाही ते पटत नव्हते. बाबांचे टॅली दुकानातल्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे घरी विंडोजच हवे असे काही कारण उरले नाही. आम्ही लिनक्स मिंट बसवली. ती फुकट आहे, ४ जीबी रॅममध्ये बरी चालते आणि तिच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

लिनक्स म्हटले की अजून काही पालकांना ती इंजिनिअर लोकांची गोष्ट वाटते. कॅडेट मित्रांसाठी एवढेच सांगतो, की आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतःच्या संगणकांवर 'माया' नावाची प्रणाली बसवायला घेतली, ती उबुंटू या लिनक्सच्या पायावर तयार केलेली आहे, आणि मिंटही त्याच पायावर उभी आहे. (आमच्या घरापासून महामाया मंदिर चालत पाच मिनिटांवर. मंत्रालयाच्या प्रणालीचे नाव ऐकून आजीचा लिनक्सला असलेला विरोध तिथल्या तिथे मावळला.)

बसवायला तासभर लागला. लावायला आठ दिवस लागले, आणि मला त्या आठ दिवसांबद्दलच लिहायचे आहे.

शाळेत आपली सगळ्यांची कपाटे एकसारखी लावलेली असतात. टॉवेल कुठे, पीटी शूज कुठे, घड्या किती बोटांच्या, हे ठरलेले. त्याचा उपयोग आहे. पहाटे अंधारातही हात बरोबर वस्तूवर जातो आणि शेजारच्याचे कपाट उघडले तरी सामान सापडते. पण हीच सवय घेऊन आपण घरी जातो आणि सगळ्या घराला एकच डेस्कटॉप देतो, बहुतेक वेळा आपला. घरातली माणसे एका बॅचची नसतात. आजी ७४ वर्षांची आहे, धाकटी १३ ची. दोघींना एकच पडदा कसा चालेल?

म्हणून पहिली गोष्ट, प्रत्येकाचे खाते वेगळे. आजीच्या खात्यात अक्षरांचा आकार जवळजवळ दीडपट केला, माउसचा बाण मोठा केला, दोनदा क्लिक करण्याचा वेग कमी केला, कारण तिचे बोट दुसऱ्या क्लिकला वेळ घेते. पडद्यावर तीनच चिन्हे ठेवली : पुण्याच्या आत्याशी व्हिडिओवर बोलण्याचे, कीर्तनाचे आणि नागपूरच्या वर्तमानपत्राचे. आईच्या खात्यात बँक, बिले, फोटो आणि लिहायला लिब्रेऑफिस. धाकटीला तिच्या शाळेमुळे सगळे इंग्रजीतच हवे होते, तिचे इंग्रजीत ठेवले. मिंटमध्ये प्रत्येक खात्याची भाषा वेगळी ठेवता येते, हे मला सगळ्यात आवडले. या कामांत कौशल्य काहीच नाही. फक्त शेजारी बसून त्यांना विचारावे लागते, आणि आपण नेमके तेच करत नाही.

भाषेचे काम मात्र मोठे निघाले. रायपूरमध्ये मराठी माणसे जुनी आहेत. बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार बघत होते. आमच्या जवळचे लाखे नगर हे वामनराव लाखे यांच्या नावाचे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे माधवराव सप्रे घरचे मराठी, लिहीत हिंदीत, आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत त्यांनीच नेले. म्हणजे दोन भाषांत राहणे आम्हाला नवे नाही. गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी-इंग्रजी, स्वयंपाकघरात मराठी. पण संगणकाच्या दुकानातून आलेल्या यंत्रात देवनागरी म्हणजे हिंदी एवढेच गृहीत धरलेले असते. दुकानदाराचे चूक म्हणता येत नाही, त्याच्याकडे ९९ गिऱ्हाइके हिंदीवाली येतात. शंभराव्या घराने आपले आपण लावून घ्यायचे असते.

आजी कितीतरी दिवस म्हणायची, "हा ल आपला नाही." आम्ही हसायचो. ती बरोबर होती. हिंदीत ल ला उजव्या बाजूला उभा दंड असतो, मराठीचा ल पाकळ्यांचा. श चेही तसेच, मराठीत तो देठाचा लिहितात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे सांगितली आहेत. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि मजकूर मराठी आहे हे संगणकाला कळले तर तो मराठी रूप काढतो. आजीच्या खात्याची भाषा मराठी केली, ब्राउझरमध्ये मराठीला पहिला क्रमांक दिला आणि फॉन्ट बदलला. काही पानांवर अजूनही हिंदी ल येतो, तो पान बनवणाऱ्याच्या हातात आहे. पण मेनूमध्ये आणि पत्रात आता तिचा ल आहे.

लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक लावला. हा भारतीय मानकात, १९९१ च्या आय. एस. १३१९४ मध्ये, दिलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ळ पाहिजे तर शिफ्ट आणि एन, ऱ पाहिजे तर शिफ्ट आणि जे. 'वाऱ्यावर' लिहिताना लागणारा अर्धा ऱ त्यातूनच निघतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारे कळफलक सोपे वाटतात हे मी मान्य करतो, मोबाइलवर मीही तेच वापरतो. पण आईने पंधरा दिवस रोज अर्धा तास इन्स्क्रिप्टचा सराव केला आणि आता ती कळफलकाकडे न बघता लिहिते. त्याच कळांवर तिला हिंदी अर्जही लिहिता येतो, कारण क ची कळ दोन्ही भाषांत एकच आहे. रायपूरच्या घराला याहून सोयीचे काय असणार?

आता ज्या कारणाने मी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. आमचे आजोबा निवृत्तीनंतर या संगणकावर घराण्याची हकिकत लिहीत होते. कोण कुठून रायपूरला आले, कोणत्या वाड्यात राहिले, १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असताना कामासाठी तिकडे कसे जावे लागे, हे सगळे. एकूण ६२ पाने. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर संगणक बंद पडला, एका दुकानातून फॉरमॅट होऊन आला, आणि ती फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरे, कोलन आणि कंस यांची खिचडी. दुकानातून उत्तर आले, "फाइल खराब झाली." दोन वर्षे घरात सगळे तेच धरून चालले होते.

फाइल शाबूत होती. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी-हिंदी लिहायला जे फॉन्ट होते, त्यांत संगणकाच्या आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवले जात आणि वरून फॉन्ट त्यांना देवनागरीचा सदरा घालत असे. विंडोज २००० पासून यंत्रासोबतच युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉन्ट येऊ लागला, तरी सवयीने आजोबांसारखी कितीतरी माणसे जुन्या फॉन्टमध्येच लिहीत राहिली. फॉरमॅटमध्ये फॉन्ट पुसला गेला की सदरा गेला. आजोबांच्या कपाटात त्या पॅकेजची सीडी मिळाली. २०१६ च्या डेस्कटॉपला सीडी ड्राइव्ह आहे, हा जुन्या यंत्राचा फायदा. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली, लिब्रेऑफिसमध्ये हकिकत उघडली, आणि पहिल्या पानावर शीर्षक, तारीख आणि आजोबांचे नाव दिसले. आजी चष्मा लावून खुर्ची ओढून बसली आणि दुपारची झोप सोडून तिने अकरा पाने वाचली.

ही गोष्ट आमच्या एका घरची नाही. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांनी २०१० च्या आगेमागे काही मराठी लिहून ठेवले आहे, त्यांनी फॉरमॅट मारण्याआधी फॉन्टचा संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. फोटो सगळे घेतात, फॉन्ट कोणी घेत नाही. आणि नंतर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा, नाहीतर पुढच्या फॉरमॅटला पुन्हा तेच.

राहिला प्रश्न अधिकाराचा, इथे माझ्या मित्रांशी माझे जमत नाही. त्यांचे म्हणणे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आपणच, नाहीतर घरचे बिघडवतील. मी आमच्या घरी धाकटीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केले आणि माझे खाते साधे ठेवले. पासवर्ड आईच्या डायरीत, डायरी गोदरेजच्या कपाटात. अपडेट आले, प्रिंटर अडला, तर सोडवणारा माणूस घरात पाहिजे. मला शाळेत फोन रविवारी मिळतो आणि तोही मोजक्या मिनिटांचा. ती मिनिटे प्रिंटरवर घालवायची का? टाइमशिफ्ट नावाच्या सोयीने दर आठवड्याला प्रणालीची नोंद ठेवली जाते, काही बिघडले तर मागच्या आठवड्याच्या स्थितीत परत जाता येते. ते कसे करायचे हे एका कागदावर मराठीत लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवले आहे. धाकटी त्याला "भैय्याची स्टँडिंग ऑर्डर" म्हणते.

क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि 'स्पीड वाढवा' म्हणणारी साधने यांवर मी फार लिहीत नाही. ज्या यंत्रावर आई बँकेचा पासवर्ड टाकते त्यावर असले काही टाकणारा कॅडेट गस्तीवर झोपणाऱ्यासारखाच. गेम हवे असतील तर स्वतःच्या खात्यात टाकावेत, मीही बुद्धिबळ आणि एक विमानाचा गेम टाकला आहे.

हकिकतीची ६२ पाने परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली आहेत, पण चुका बऱ्याच आहेत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरांत ती भलतीकडे जाते. रफार आणि ळ ही तर हमखास चुकतात. मी निघालो तेव्हा ३८ पाने तपासून झाली होती. उरलेली २४ आजी मोठ्याने वाचते आणि धाकटी सुधारते. गेल्या रविवारी त्या ५१ व्या पानावर होत्या.