एमजीबी, चार इंजिने आणि शुद्धतेचे सोवळे

१/
एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मूळ इंजिन काढून अधिक ताकदीचे बसवावे की नाही, आणि बसवायचे तर कोणते, हा वाद ५० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. वादात दोन पक्ष आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकतात. का, ते ह्या धाग्यात इतिहासाच्या आधारे मांडतो. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
पहिला पक्ष शुद्धतावाद्यांचा. कारखान्याने जे इंजिन बसवले तेच गाडीचा आत्मा, ते काढले की उरते ते कलेवर, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष अश्वशक्तीच्या उपासकांचा. बॉनेटखाली मावेल तेवढे मोठे इंजिन बसवावे, हा त्यांचा एकमेव सिद्धान्त. पहिल्या पक्षाने इतिहास वाचलेला नाही. दुसऱ्याने तराजू पाहिलेला नाही.

३/
प्रथम मूळ गाडी पाहू. एमजीबी १९६२ साली बाजारात आली. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९८० पर्यंत तयार होत होती आणि सर्व प्रकार मिळून ५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटीमीटरचे, ओतीव लोखंडाचे. ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती.

४/
ज्या इंजिनाला आज आत्म्याचे स्थान दिले जाते, त्याचे कुळ तरी कोणते? ते 'बी सीरीज' घराण्यातले, म्हणजे मूळचे साध्या कौटुंबिक गाड्यांसाठी घडवलेले. त्याच घराण्याचे १४८९ घन सेंटीमीटरचे भावंड एमजीए ह्या पूर्वसुरी गाडीत होते, आणि तेच आपल्याकडे अनेक दशके अँबेसेडरमध्ये धडधडत होते. सोवळे पाळणाऱ्यांनी हे नाते ध्यानात ठेवावे.

५/
एमजीच्या अभियंत्यांना ह्यात काही कमीपणा वाटला नव्हता. हाताशी असलेले इंजिन घ्यायचे आणि त्याच्याभोवती चपळ गाडी उभी करायची, हीच त्यांची रीत. इंजिन उसने घेणे हा एमजीच्या परंपरेचा भंग नसून तीच एमजीची परंपरा आहे.

६/
आता उपासकांकडे वळू. अधिक ताकद हवी म्हणून कारखान्याने स्वतःच १९६७ साली एक प्रयोग केला: एमजीसी. त्याच देहात २९१२ घन सेंटीमीटरचे, सहा सिलिंडरांचे, सुमारे १४५ अश्वशक्तीचे इंजिन. कागदावर पाहता ताकदीत दीडपट वाढ. उपासकांच्या सिद्धान्तानुसार ही गाडी अजिंक्य ठरायला हवी होती.

७/
घडले उलटेच. हे इंजिनही ओतीव लोखंडाचेच होते आणि चार सिलिंडरांच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड. हा सारा भार पुढच्या चाकांवर आला. इंजिन मावावे म्हणून बॉनेटला उंचवटा काढावा लागला, पुढचे स्प्रिंग काढून टॉर्शन बार लावावे लागले. वळणावर गाडीचे नाक बाहेरच्या अंगाला ओढले जाते, अशी टीका तत्कालीन समीक्षकांनी केली. १९६९ मध्ये उत्पादन थांबले. गाड्या बनल्या जेमतेम ९०००.

८/
एमजीसीवर अन्यायही करू नये. लांब सरळ रस्त्यावर ती उत्तम गाडी होती आणि आजही तिचे चाहते आहेत. परंतु एमजीबीचा गुण कोणता? वळणावरचा हलकेपणा. नवे इंजिन बसवताना नेमका तोच गुण गमावला गेला. अश्वशक्तीचा आकडा वाढला, गाडी मात्र सुधारली नाही. आणि हे कुण्या हौशी मिस्त्रीच्या हातून नव्हे, खुद्द कारखान्याच्या हातून घडले.

९/
इथे कथा अटलांटिक ओलांडते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६१ च्या मॉडेलांसाठी ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन काढले होते. ब्यूइक, ओल्ड्समोबाइल आणि पाँटिॲक ह्या गाड्यांत ते बसे. वजन अवघे १४५ किलोंच्या आसपास. पण ओतकामातील अडचणी आणि खर्च पाहता १९६३ नंतर कंपनीने ते सोडून दिले. स्वस्त लोखंडी इंजिने अमेरिकेला पुरेशी होती.

१०/
ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट ह्यांना हे टाकून दिलेले इंजिन अमेरिकेत बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीच्या कार्यशाळेत दिसले. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क मिळवले. ब्यूइकचे निवृत्त अभियंते जो टर्ले साहाय्यासाठी इंग्लंडला आले. १९६७ पासून हे इंजिन रोव्हरच्या गाड्यांत, पुढे मॉर्गन प्लस ८ आणि रेंज रोव्हरमध्ये आले. एका घरची अडगळ दुसऱ्या घरचे वैभव ठरली.

११/
जाता जाता: ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने ह्याच घराण्यातील ओल्ड्समोबाइलच्या ठोकळ्यावर शर्यतीचे तीन लिटरचे इंजिन उभारले आणि त्यावर जॅक ब्रॅबम १९६६ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते झाले. 'परक्या घरचे इंजिन' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही नोंद जपून ठेवावी.

१२/
१९६८ च्या विलीनीकरणाने एमजी आणि रोव्हर ब्रिटिश लेलँड ह्या एकाच छत्राखाली आल्या. पण हलक्या गाडीत हलके व्ही-८ घालावे, हे प्रथम करून दाखवले ते केन कॉस्टेलो ह्या शर्यतपटूने, स्वतःच्या कार्यशाळेत. ॲल्युमिनियममुळे आठ सिलिंडरांच्या ह्या इंजिनाचे वजन चार सिलिंडरांच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपास होते. ताकद वाढली, तोल ढळला नाही. लेलँडने त्याची गाडी मागवून पाहिली.

१३/
आणि ऑगस्ट १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ आणली: ३५२८ घन सेंटीमीटर, १३७ अश्वशक्ती. आता हा आकडा एमजीसीच्या आकड्याशी ताडून पाहा. एमजीसी १४५, व्ही-८ १३७. आठ अश्वशक्ती कमी, तरीही नावाजली गेली ती हीच गाडी. ह्या एका तुलनेत वादाचे सारे उत्तर आहे.

१४/
मग ती खपली का नाही? बाजारात येऊन दोन महिने होतात न होतात तोच ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट उभे राहिले. किंमतही फोर्डच्या तीन लिटरच्या काप्रीपेक्षा अधिक होती, आणि अमेरिकेच्या मोठ्या बाजारात ती कधी उतरवलीच नाही. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनून प्रकरण मिटले. गाडी हरली ती हिशेबाच्या वहीत. रस्त्यावर हरली नाही.

१५/
१९९२ मध्ये रोव्हरने तोच देह फिरून काढला: एमजी आरव्ही-८. इंजिन त्याच घराण्याचे, आता ३.९ लिटर आणि १९० अश्वशक्ती. सुमारे २००० गाड्या बनल्या, बहुसंख्य जपानला गेल्या. टीका झाली ती इंजिनावर नव्हे, तर मागच्या अखंड ॲक्सलवर आणि कमानपाट्यांवर. जुना सांगाडा नव्या ताकदीपुढे थकला होता. हा इशारा पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

१६/
आज उपासकांचे आराध्य आहे १९९७ च्या कॉर्व्हेटसोबत आलेले एलएस-१: ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती. ते अपेक्षेहून हलके आहे, ठोकळाही ॲल्युमिनियमचा, हे मान्य. पण एमजीबीला पुढे साधे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, जुन्या पद्धतीचे लिव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर. ९५ अश्वशक्तीसाठी आखलेल्या ह्या सांगाड्यावर ३४५ चा भार टाकायचा तर ॲक्सल, ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सारे बदलणे आले. मग एमजीबी म्हणून उरते काय? पत्रा आणि बिल्ला. आणि हे सारे न बदलता नुसते इंजिन बसवले, तर प्रश्न अभिरुचीचा राहत नाही. तो चालकाच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा होतो.

१७/
म्हणून माझे निकष तीन. एक: नव्या इंजिनाचे वजन जुन्याच्या आसपास असावे आणि ते पुढे न सरकता बसावे. दोन: ब्रेक आणि ॲक्सल पेलतील तेवढीच ताकद घ्यावी, किंवा आधी ते सुधारावेत आणि मग इंजिनाला हात घालावा. तीन: देह कापावा लागू नये, काढलेले इंजिन तेल लावून जपावे, म्हणजे पुढच्या मालकाला परतीची वाट राहील.

१८/
शुद्धतावाद्यांचे एक म्हणणे मात्र मी शिरसावंद्य मानतो. जी गाडी खरोखर दुर्मीळ आहे, उदाहरणार्थ कारखान्याच्या २५९१ मधली अस्सल व्ही-८ किंवा शर्यतीचा इतिहास असलेली एमजीबी, तिला हात लावू नये. ती दस्तऐवज आहे. पण पाच लाखांतल्या एखाद्या गंजलेल्या, इंजिन थकलेल्या गाडीला तोच नियम लावणे म्हणजे छापील पंचांगाला ताम्रपटाचा मान देणे.

१९/
ती गाडी मूळ इंजिनाच्या प्रतीक्षेत ताडपत्रीखाली कुजत ठेवण्यापेक्षा योग्य इंजिन घालून रस्त्यावर आणणे हेच तिच्या निर्मात्यांच्या वृत्तीला धरून आहे. त्यांनीही उसनेच इंजिन घेतले होते. मात्र घेताना तराजू हाती ठेवावा. तो बाजूला सारला की काय होते, हे एमजीसीने १९६७ मध्येच दाखवून दिले आहे.

धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य लिहा; मात्र वजनाच्या आकड्यासह लिहा.