लाल शेगडी

बकरी ईद जवळ आली की आमच्या शीव कोळीवाड्यात घरोघरी माळ्यावरच्या शेगड्या खाली उतरतात. स्टेशनचं नाव गुरु तेग बहादूर नगर झालं, तरी आम्ही जुनी माणसं कोळीवाडाच म्हणतो. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी कुटुंबं इथे आली, त्यांच्याबरोबर तंदूर आला आणि इथल्या खाणावळींतली तळलेली कोळंबी ‘कोळीवाडा’ नावाने देशभर गेली. निखाऱ्यावर भाजण्याचा वास या गल्ल्यांना नवा नाही. तरीही शेगडी घेताना मी फसले. खरं सांगायचं तर मीच मला फसवलं.

दोन वर्षांपूर्वी जुनी शेगडी गळली. मुलाने फोनवर एक चकचकीत लाल शेगडी दाखवली. तशीच हवी, म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “बाजी, काळी घ्या.” मी म्हटलं, “काळं कशाला? सणाची वस्तू आहे, लालच द्या.” त्याने दिली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कोळसा पेटवला. निखारे फुलले आणि शेगडीच्या अंगावर फोड आले. रंग सोलून खाली पडू लागला, काळा धूर निघाला, सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. सळ्यांवरच्या कबाबांना रॉकेलसारखा वास. पहिली खेप टाकून द्यावी लागली. कुर्बानीचं मांस वाया गेलं, हे आजही मनाला लागून आहे.

भांडायला म्हणून त्या दुकानात गेले. तिथल्या वयस्कर कारागिराने चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट शंभर-सव्वाशे अंशांपुढे टिकत नाही. फुललेला निखारा सहाशे-सातशे अंशांच्याही वर जातो. म्हणून कारखानदार शेगडीला सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग वापरतात. तो चांगल्या प्रतीचा असेल तर सहाशे अंशांपर्यंत टिकतो. पण त्यात रंगांची निवड थोडी. काळा, अल्युमिनियमचा रुपेरी आणि लोहाच्या गंजाचा विटकरी हे ताप सोसतात. गंजाचाच पिवळा रंग तापला की त्यातलं पाणी उडतं आणि तो तांबडा होतो. भडक लाल, हिरवे, निळे रंग बहुतेक जळूनच जातात. काळ्यावर धुराचे डागही दिसत नाहीत. बाजारात शेगड्या बहुतेक काळ्या का असतात, हे मला तेव्हा कळलं.

मग फोनवरची ती लाल शेगडी? तो मुळी रंग नव्हताच. ती तामचिनी होती, आपल्या आजीच्या रकाबीसारखी. पत्र्यावर काचेची पूड लावून सुमारे आठशे अंशांवर भट्टीत भाजतात, काच वितळून पत्र्याला चिकटते. छटा धातूंच्या संयुगांची, उदाहरणार्थ निळी कोबाल्टची. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली बोयाच्या गोळ्यावरून झाकणाची गोल शेगडी बनवली. त्या घाटाच्या शेगड्यांवर पुढे हीच तामचिनी आली. आच तिला सोसते, आपटणं मात्र सोसत नाही. तापलेली असताना गार पाणी ओतलंत तर टवके उडतील.

आपल्या जुन्या बादलीच्या शेगडीला बाहेरून हिरवा-निळा रंग असायचा, तो कसा टिकायचा, हेही मी विचारलं. आत मातीचा जाड लेप असायचा ना! आच माती झेलायची, पत्र्यापर्यंत ती कमीच पोचायची. लेप दरवर्षी नव्याने लिंपायचो, त्यामागचं कारण हे होतं.

आता धातूंचं. जीआय पत्रा स्वस्त आणि चकचकीत, पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं. फार तापलं तर त्याचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडीताप भरतो. दही-लिंबू लावलेलं मांस जीआयच्या जाळीवर ठेवलं तर आंबटपणाने जस्त त्यात उतरतं. म्हणून ती जाळी नकोच. केमिकलचा जुना ड्रम कापून केलेली शेगडीही टाळा. त्यात आधी काय होतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

स्टीलमध्ये ३०४ नंबर चांगला. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. आपल्याकडे दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, “बघा, चिकटत नाही.” पण हलकं २०२ नंबरचं स्टीलही चिकटत नाही आणि आपल्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं. तेव्हा बिलावर नंबर लिहून घ्या. तापल्यावर स्टील पिवळं-निळं पडतं, तो दोष नव्हे.

साधा लोखंडी पत्रा घेतलात तरी चालतं, फक्त जाड घ्या. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. सोळा गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, बावीस म्हणजे जेमतेम ०.७. बावीसचा पत्रा आचेने लवकर वाकडा होतो. जाळीसाठी बीड उत्तम. बिडाच्या तव्यासारखं तेल लावून तापवत राहा.

शेगडी आतून रंगवू नका. बाहेरून उष्णतारोधक रंग असेल तर पहिल्यांदा मांस न ठेवता तासभर कोळसा पेटवा. रंग तापूनच पक्का होतो आणि सुरुवातीचा वास निघून जातो.

एक शेवटचं. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी खोलीत घेऊ नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि बंद खोलीत झोपेतच माणूस जातो. निखारे राखेने झाकलेले दिसले तरी तो निघतच असतो. कबाब अर्धे राहिले तर तव्यावर परतून घ्या.

यंदा आमच्याकडे सोळा गेजची काळी शेगडी आहे. सासूबाई जवळ खुर्ची टाकून बसतात आणि पहिली सळी त्यांच्याच हातात जाते.