पहिला खरा डाव

तर मंडळी, पुढच्या शनिवारी अस्मादिक पणजीला चाललेत. मांडवीतल्या एका तरंगत्या कॅसिनोत, आयुष्यात पहिल्यांदाच, खऱ्या माणसांसमोर बसून पोकर खेळायला. आजवर जे काय खेळलो ते मोबाईलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायची अ‍ॅप्स बंद झाली आणि आमचा शनिवार रात्रीचा उद्योगही संपला.

तयारी म्हटलं की जो तो गणित शिकवतो. फ्लॉपनंतर फ्लशला एकच पत्ता कमी असेल, तर शेवटपर्यंत तो लागायची शक्यता सुमारे ३५ टक्के, वगैरे. आम्हा इंजिनियर लोकांना हे आवडतंच. पण माझं मत विचाराल तर पहिल्या लाइव्ह डावाआधी ही उजळणी सगळ्यात शेवटी करावी.

आधी हाताला वळण लावायचं. मोबाईलवर बटण दाबलं की झालं. इथे चिप्स एका दमात पुढे सरकवाव्या लागतात. थोड्या ठेवल्या, समोरच्याचं तोंड बघितलं आणि मग आणखी ठेवल्या, तर ती 'स्ट्रिंग बेट'. चालत नाही. २०० चा ब्लाइंड आहे आणि तुम्ही काही न बोलता १००० ची एकच चिप टाकलीत, तर तो कॉल धरतात. मनात रेझ होता हे सांगून उपयोग नाही. म्हणून आधी तोंडाने बोलायचं, मग चिप. आणि आपल्या पत्त्यांवर एक चिप ठेवायची, नाहीतर डीलर ते टाकलेले समजून उचलू शकतो. गेले दोन रविवार मित्राच्या डायनिंग टेबलावर सराव करतोय. पहिल्या संध्याकाळी तीनदा स्ट्रिंग बेट केली!

मग धीर. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात, लाइव्हमध्ये जेमतेम तीस. म्हणजे सहा तास बसलो तरी १८० डाव. हातात एक्क्यांची जोडी येते सरासरी २२१ डावांत एकदा. हिशोब करून बघा, अख्ख्या रात्रीत ती एकदाही न येण्याची शक्यता ४४ टक्के निघते.

हा हिशोब मी मोठ्या हौसेने बाबांना सांगायला गेलो. म्हटलं, "बाबा, हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही."

"मग एका रात्रीत दिसेल का तुझं कौशल्य?"

"नाही, त्याला हजारो डाव लागतात."

"म्हणजे त्या रात्रीपुरता जुगारच ना रे?"

काय बोलणार? गणित माझंच होतं.

म्हणून तिसरी आणि खरी तयारी पैशांची. इथे स्वतःचीच गोष्ट सांगतो. कायदा यायच्या आधी एका रात्री पाच हजारच घालवायचे असं ठरवून बसलो होतो. एक वाजेपर्यंत ते गेले. मग यूपीआयवरून आणखी पाच, मग आणखी पाच. घरी कोणाला पत्ता नाही. सकाळी शक्यता वगैरे सगळं तोंडपाठ होतं, फक्त पंधरा हजार नव्हते.

त्यामुळे या वेळी १००-२०० च्या ब्लाइंडला शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे वीस हजार. रोख. ते गेले तरी हप्ते चुकणार नाहीत एवढं बघून ठरवलेत. कार्ड हॉटेलवर, यूपीआय फोनमधून काढलेलं. आणि आकडा बाबांना सांगून ठेवलाय. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःशी ठरवलेला आकडा रात्री एक वाजता बदलतो, पण दुसऱ्या कोणाला सांगितलेला बदलायला जरा जड जातं.

असो. रविवारी रात्री घरी पोचलो की बाबा विचारतीलच. जिंकलो की हरलो ते नंतर, निदान खरा आकडा सांगायची लाज वाटू नये एवढीच इच्छा आहे.