भातखाचरासाठी पॉवर टिलर की लहान ट्रॅक्टर?

मृग नक्षत्र जवळ आले की भिवंडी तालुक्यातील गावोगावी कृषी अधिकाऱ्यास एक प्रश्न हमखास विचारला जातो, "साहेब, टिलर घेऊ की छोटा ट्रॅक्टर?" मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे येथे तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. पूर्वी दारोदारी दिसणारी बैलजोडी आता क्वचितच दृष्टीस पडते. तरुण मंडळी गोदामांत पाळीवर जातात आणि शेतीसाठी त्यांना सुटीचा दिवस किंवा रात्रपाळीनंतरची सकाळ एवढाच अवसर मिळतो. पाऊस मात्र कोणाची पाळी पाहून पडत नाही. राबातील रोप लावणीस आले आणि खाचरात पाणी उभे राहिले की चिखलणी त्याच चार दिवसांत उरकावी लागते. सबब यंत्र हवे, याविषयी दुमत नाही. कोणते यंत्र हवे, एवढाच वाद आहे.

या वादात प्रस्तुत लेखकाचा कौल आरंभीच सांगून टाकणे बरे. ज्यांची खाचरे दोन-चार गुंठ्यांची आहेत आणि ज्यांना शेतात जाण्यास सरळ वाट नाही, अशा शेतकऱ्यांनी पॉवर टिलर घ्यावा, आणि तोही एकट्याने न घेता चार-पाच घरांनी मिळून घ्यावा. मात्र उतारावरून तो खाली कसा आणावयाचा हे शिकल्यावाचून त्याच्या मुठी हाती धरू नयेत.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच पडतो असे नाही. अमेरिकेत घराभोवतीची विस्तीर्ण हिरवळ कापण्यासाठी दोन प्रकारची यंत्रे विकली जातात. एक बागेतील कामांचा छोटा ट्रॅक्टर. तो गवत कापतो, गाडी ओढतो, मातीही सारतो, पण वळताना ऐसपैस जागा मागतो. दुसरे 'झिरो टर्न' नावाचे कापणीयंत्र. त्याची मागील दोन चाके दोन निरनिराळ्या दांड्यांनी स्वतंत्रपणे चालतात, त्यामुळे ते जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरते. मात्र उतारावर, विशेषतः ओल्या गवतावर, ते सहज घसरते. आपला पॉवर टिलर घडणीने अगदी निराळा. तरी वळणाची सोय आणि उताराचा धोका ही जोडी त्याच्याही वाट्याला आली आहे. पॉवर टिलर मूळचा जपानच्या लहान भातखाचरांतला. १९६० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने तो भारतात तयार होऊ लागला. ज्या ठाणे-मुंबई पट्ट्यातून, बोरिवलीच्या कोरा केंद्रातून, जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा प्रसार १९५० नंतरच्या दशकात देशभर झाला, त्याच पट्ट्यात हे यंत्र परके वाटावयास नको.

आता वळणाचा हिशेब पाहू. वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे सुमारे दोन गुंठ्यांचे खाचर घ्या. मागे रोटाव्हेटर जोडलेल्या लहान ट्रॅक्टरला वळण्यासाठी दोन्ही टोकांस निदान तीन-तीन मीटर जागा लागते. म्हणजे दोनशे चौरस मीटरांपैकी साठ चौरस मीटर, शेकडा तीस, ही केवळ वळणाची जागा झाली. ती वाया जाते असे नव्हे. शेवटी आडवे फिरून तीही चिखलता येते. परंतु त्याच पट्ट्यावरून चाके पुनःपुन्हा जातात, जमीन विषम दबते, चारही कोपरे कुदळीने करावे लागतात, आणि मुख्य म्हणजे चालकाची नजर बांधावर जाते. "हा मधला बांध नसता तर दोन खाचरांचे एक झाले असते," हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

हा विचार धोक्याचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बांध हा केवळ हद्दीचा नसून पाणी धरण्यासाठी आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांतील मधला बांध काढला की वरच्या अंगाची जमीन उघडी पडते, खालच्या अंगाला पाणी तुंबते आणि एकाच खाचरात अर्धे रोप तहानेले तर अर्धे बुडालेले दिसते. सपाटीकरण नीट करून दोन खाचरे एक करता येतात, नाही असे नाही. पण ते उन्हाळ्यात पातळी मोजून करावयाचे काम आहे, जुलैमध्ये ट्रॅक्टर वळत नाही म्हणून करावयाचे नव्हे. यंत्रासाठी बांध मोडणारा शेतकरी पुढील पावसात तोच बांध घालताना मी पाहिला आहे.

वजनाचाही विचार करावा. टिलर साधारणपणे साडेतीनशे ते पाचशे किलोंचा असतो. पंधरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अवजार सोडून सातशे ते नऊशे किलोंचा. भातखाचरात वरच्या मऊ चिखलाखाली घट्ट थर असतो, त्यामुळे पाणी झिरपून जात नाही. चाक रुतून तो थर फाटला की त्या जागी पाणी टिकत नाही. चारही चाकांना गती असलेले अलीकडचे लहान ट्रॅक्टर मऊ जमिनीत चांगले चालतात, हे मान्य केलेच पाहिजे. भाड्याने येणारा चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा, सुमारे दोन टनांचा ट्रॅक्टर व ही यंत्रे यांना एकाच मापाने मोजू नये.

टिलरविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप असा की त्याच्यामागे चालावे लागते. हा आक्षेप खरा आहे. साठ सेंटीमीटर रुंदीचे रोटरी अवजार एक एकरावरून एकदा फिरवावयाचे म्हणजे पावणेसात किलोमीटर चाल झाली. उभी-आडवी चिखलणी केल्यास साडेतेरा किलोमीटर, तीही गुडघाभर चिखलातून आणि थरथरणाऱ्या मुठी आवळून. नांगरामागे पंधरा सेंटीमीटरच्या तासाने एका एकरास सुमारे सत्तावीस किलोमीटर चालावे लागे, हे वडीलधाऱ्यांना सांगितले असता ते हसतात. पण तेव्हा त्यांचे वय निराळे होते. ज्या घरी टिलर चालविणारा माणूस साठीचा आहे आणि मुलगा पाळीवर आहे, तेथे टिलर घेणे म्हणजे त्या वृद्धाच्या पाठीवर यंत्र ठेवणे होय. अशा घरी चिखलणी भाड्याने करून घ्यावी, किंवा भागीदारीतील टिलर दुसऱ्याच्या तरुण हातांनी चालवावा. भागीदारीची सूचना मी केवळ पैशासाठी करीत नाही, ती यासाठीही आहे.

पैशाचा हिशेबही भागीदारीकडेच बोट दाखवितो. दोन एकरांची दुहेरी चिखलणी टिलरने दोन-तीन दिवसांत होते. मग उरलेले वर्ष यंत्र ओटीवर उभे! भातानंतर भाजीपाला करणाऱ्याकडे त्यास आणखी काही दिवस काम मिळेल. वालासारखे ओलाव्यावरचे पीक घेणाऱ्याकडे तेवढेही नाही. लहान ट्रॅक्टरची किंमत टिलरच्या दुपटीच्या घरात जाते, आणि दोन एकरांवर ती फेडणे कठीण.

आता उताराविषयी. वडपे परिसरात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. गोदामांसाठी व रस्त्यांसाठी भराव झाल्यामुळे कित्येक खाचरे आसपासच्या जमिनीपेक्षा खोल गेली आहेत. समृद्धी महामार्गाचा अखेरचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे येथून वडप्याकडे येणारी वाहतूक वाढली, तसा भरावही वाढत चालला आहे. परिणामी यंत्र खाचरात न्यावयाचे म्हणजे भरावाच्या कडेने, तिरकस उतारावरून खाली आणावयाचे.

टिलरच्या दोन्ही मुठींखाली स्टिअरिंग क्लचचे खटके असतात. सपाटीवर डावा खटका दाबला की डाव्या चाकाची गती तुटते, उजवे चाक चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. परंतु तीव्र उतार उतरताना इंजिनच चाकांना रोखून धरीत असते. तेथे डावा खटका दाबल्यास डावे चाक मोकळे सुटून अधिक वेगाने घरंगळते, आणि यंत्र उजवीकडे वळते! पदवी परीक्षेत मी क्लचची आकृती काढून गुण मिळविले होते. तरी नोकरीच्या आरंभी एका प्रात्यक्षिकात उतारावर मी हीच चूक केली. उजवीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने चिखलात उडी घेतली म्हणून त्याच्या पायावर केवळ खरचटण्यावर निभावले. टिलर मात्र खाचरात आडवा झाला. दोष यंत्राचा नव्हता, माहितीपुस्तिका न वाचणाऱ्या माझा होता. तेव्हापासून मी प्रत्येकास सांगतो की उतार उतरताना खटक्यास हात लावू नये, पहिला गिअर घालून दांडा हातांनी वळवावा, रोटरी बंद ठेवावी आणि खालच्या अंगास कोणासही उभे राहू देऊ नये. रोटरी फिरत असताना यंत्र मागे घेणे हा दुसरा प्राणघातक प्रमाद होय.

मग ट्रॅक्टर कोणी घ्यावा? ज्यांची खाचरे प्रत्येकी दहा-बारा गुंठ्यांची व लगतची आहेत, ज्यांच्या शेतापर्यंत गाडीवाट जाते आणि ज्यांस ट्रॉलीने माल वाहण्याचे काम वर्षभर आहे, त्यांनी लहान ट्रॅक्टर अवश्य घ्यावा. वरकस माळावरील गवत कापण्यासाठी म्हणून मात्र घेऊ नये. आपल्या माळांवर दगडच अधिक. तेथे खांद्यावरचे कापणीयंत्र बरे.

केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाखाली अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस अवजारांच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत व इतरांस ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत मिळते. ट्रॅक्टर व टिलरच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा आणि पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खरेदी करू नये. परंतु कोणत्या यंत्रास अनुदान अधिक, हे पाहून यंत्र निवडणे म्हणजे लग्नात आहेर पाहून नवरी निवडण्यासारखे आहे. विक्रेत्याकडे प्रात्यक्षिकाचा आग्रह धरावा, ते दुकानासमोरील मोकळ्या जागेत न घेता आपल्या शेतात घ्यावे, आणि त्यासाठी आपल्या खाचरांपैकी सर्वांत लहान व सर्वांत वाईट वाटेचे खाचर निवडावे.