फिल्मच्या डबीची किंमत कोण ठरवते?

तुमच्यापैकी बहुतेकांनी छायाचित्रे काढली असतील ती मोबाइलवर. पण घरातले एखादे जुने कपाट उघडलेत, तर आईवडिलांच्या लग्नातल्या निगेटिव्हची तपकिरी पट्टी हाती लागेल. ही पट्टी म्हणजे फिल्म. ती आजही बनते, आजही विकली जाते. आणि विकत घेणारी हौशी मंडळी आजही जुनाच प्रश्न विचारतात. छत्तीस चित्रांचा रोल, रुंदी तीच 35 मिलिमीटर, कडेची भोके तीच. मग एका कंपनीचा रोल दुसरीच्या दुप्पट किमतीला का? आणि एकाच कंपनीचा तोच रोल एका देशात स्वस्त, दुसऱ्या देशात महाग, हे कसे?

यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, 'फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून ती महाग.' दुसरे, 'महाग ती चांगली.' माझ्या मते दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. पहिले तर साध्या गुणाकारापुढेही टिकत नाही. तो गुणाकार आधी करून पाहू.

फिल्म म्हणजे सेल्युलोज ट्रायअॅसिटेटची पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक. छत्तीस चित्रांचा रोल साधारण 1.6 मीटर लांब असतो. म्हणजे क्षेत्रफळ झाले 0.035 × 1.6 = 0.056 चौरस मीटर. चौरस मीटरला साधारण 5 ग्रॅम चांदी धरली, तर एका रोलमध्ये 0.28 ग्रॅम चांदी येते. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता ग्रॅमला 100 रुपये धरा. चांदी झाली 28 रुपयांची! भाव दुप्पट झाला तर आणखी 28 रुपये वाढतील. रोलची किंमत मात्र शेकड्यांत मोजली जाते. उरलेले पैसे कशाचे?

चांदीचा परिणाम होतच नाही असे मात्र नाही. 1979 च्या आरंभी जागतिक बाजारात औंसाला सुमारे 6 डॉलर असणारी चांदी जानेवारी 1980 मध्ये 50 डॉलरच्या घरात गेली. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा प्रचंड साठा केला होता. 27 मार्च 1980 रोजी हा फुगा फुटला. त्या काळात फिल्मच्या किमती चढल्या, आणि खरी झळ बसली ती एक्स-रे फिल्मला. तिच्यावर दोन्ही बाजूंनी थर असतो आणि आकारही मोठा असतो, म्हणून तिला चांदी जास्त लागते. जुने एक्स-रे विकत घेणारे व्यापारी असतात, ते याच चांदीसाठी.

आता उरलेल्या पैशांकडे वळू. रंगीत फिल्मवर एक नव्हे, दहाबारा किंवा त्याहून अधिक थर असतात, आणि ते सगळे मिळून केसापेक्षाही पातळ असतात. हे थर चढवायचे मिट्ट काळोखात, वेगाने धावणाऱ्या रुंद पट्ट्यावर, धुळीचा एक कणही न बसू देता. जिलेटिन मिळते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. पण वाटेल ते जिलेटिन चालत नाही. 1920 च्या दशकात कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले, की काही जिलेटिनमध्ये गंधकयुक्त द्रव्याचा अंश असतो आणि त्यामुळेच फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील बनते. हे द्रव्य मोहरीच्या जातीच्या वनस्पतींमध्ये असते. म्हणजे गुराने काय चारा खाल्ला यावर फिल्मचा गुण अवलंबून होता! असे ज्ञान वर्षानुवर्षे जमवावे लागते, आणि त्याचा खर्च पहिला रोल विकण्याआधीच होऊन बसतो.

पुन्हा हिशेब करू. एक मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पट्टा म्हणजे 1000 चौरस मीटर. त्याला 0.056 ने भागा. कडांची कातरण सोडली तरी सतरा हजारांच्या आसपास रोल निघतील, आणि हा झाला यंत्राचा एक लहानसा फेरा. यंत्र एकदा उभे राहिले, की आणखी एका रोलला फार थोडा खर्च येतो. पण यंत्र, वातानुकूलन आणि तज्ज्ञांचे पगार हा खर्च सर्व रोलांवर वाटावा लागतो. वर्षाला कोट्यवधी रोल खपत होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर खर्च येई. 2000 नंतर डिजिटल कॅमेरे आले, खप कोसळला, आणि जानेवारी 2012 मध्ये कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. यंत्रे तीच अवाढव्य, गिऱ्हाईक थोडे. मग रोल महागणारच.

'महाग ती चांगली' या समजुतीचेही असेच आहे. इटलीतला फेरानिया कारखाना अनेक वर्षे इतर व्यापाऱ्यांच्या नावाने फिल्म बनवून देत असे. फिल्म एकच, खोकी निरनिराळी आणि किमतीही निरनिराळ्या. कधी कधी मात्र जादा किमतीला कारण असते. व्यावसायिकांसाठीची रंगीत फिल्म तिचे रंग नेमके जुळतात अशा वयाची झाल्यावरच बाजारात पाठवली जाई आणि तेथून शीतपेटीत ठेवावी लागे. हौशी माणसाची फिल्म दुकानाच्या फळीवरच पिकेल, असे धरून थोडी कच्ची पाठवत. आंबेवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको! पण एप्रिलच्या उन्हात तापणाऱ्या दुकानातून ती महागडी फिल्म आणली, तर जादा दिलेले पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

देशादेशांतला फरक मला सर्वांत मनोरंजक वाटतो, कारण त्यात रसायन जवळजवळ नाहीच. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म 1935 साली आली. तिचे संस्करण, म्हणजे धुणे, इतके किचकट होते की कंपनी फिल्मच्या किमतीतच धुण्याचे पैसे घेई. म्हणजे फिल्म कोडॅकची आणि धुणारेही कोडॅकच. दुसऱ्या कोणाला त्या धंद्यात शिरायला जागाच नव्हती. 1954 साली अमेरिकेच्या सरकारने न्यायालयामार्फत ही गाठ सोडवून घेतली, आणि तेथे फिल्म व धुलाई यांची किंमत वेगळी झाली. ब्रिटनसारख्या देशात मात्र एकत्रित किंमत पुढेही बरीच वर्षे चालू राहिली. दोन्ही देशांतल्या डब्या शेजारी ठेवून किंमत पाहणाऱ्याला ब्रिटिश डबी अवाच्या सवा महाग वाटे; पण तिच्यात धुलाई धरलेली असे. तेव्हा किमतींची तुलना करताना, त्या किमतीत काय काय येते हे आधी विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट जपानची. अमेरिकेत साधारण 70 टक्के फिल्म कोडॅकची खपे, जपानात तितकीच फुजीची. मे 1995 मध्ये कोडॅकने आपल्या सरकारकडे तक्रार केली, की जपानातले चार मोठे घाऊक व्यापारी केवळ फुजीचा माल ठेवतात आणि जपान सरकारने या व्यवस्थेला हातभार लावला आहे. फुजीचे उत्तर असे, की तुम्हीही आपल्या घरी वेगळे काय करता? प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले आणि 1998 साली निकाल अमेरिकेच्या विरुद्ध लागला. मला या भांडणात दोन्ही कंपन्यांविषयी फारशी सहानुभूती वाटत नाही. घरच्या बाजारात प्रतिस्पर्ध्याला जागा कमी मिळाली, तर किंमत चढी ठेवता येते, हे दोघांनाही चांगले ठाऊक होते.

आपल्याकडे तर कंपनीपेक्षा सरकारी धोरणाचाच किमतीवर अधिक पगडा होता. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्रही आणले. भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरी अंधारात बसून करीत, आणि ती मजुरी कोणत्याच किमतीत धरलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली. डॉलर मोजून फिल्म आणायची तर परवाना हवा, वर जकात. पूर्व जर्मनीशी मात्र व्यापार रुपयांत चाले. म्हणूनच वोल्फेन येथील कारखान्याची ऑर्वो फिल्म 1970 च्या दशकात आपल्या सिनेमावाल्यांच्या आणि छायाचित्रकारांच्या हाती सर्रास दिसू लागली. ती सर्वोत्तम होती म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी डॉलर लागत नसत म्हणून.

याच चणचणीतून 1960 साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागा निवडली उटीची, कारण तेथे हवा थंड आणि धूळ कमी. एका फ्रेंच कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन 1967 मध्ये उत्पादन सुरू झाले. 'इंदू' या नावाने कृष्णधवल रोल, सिनेमाची फिल्म आणि एक्स-रे फिल्म निघू लागली.

हा कारखाना काढणे ही चूक होती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रुग्णालयातला एक्स-रे डॉलर येईपर्यंत थांबू शकत नाही. मोडलेले हाड आज दिसले पाहिजे. त्यासाठी थोडी जादा किंमत देशाने सोसली तर ती योग्यच. पण हाच न्याय हौशी रोलाला लावणे मला मान्य नाही. परदेशी रोलावर जकात बसवली, की तिचा भार तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्यावर आणि शाळेच्या सहलीची चार चित्रे काढू पाहणाऱ्या मुलावर पडतो. शिवाय कुंपण घालायचे तर त्याला मुदत हवी. 1991 नंतर आयात शुल्क उतरू लागले, स्पर्धा अंगावर आली, एक्स-रे फिल्मच्या नव्या प्रकल्पासाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते, आणि 1990 च्या दशकाच्या मध्याला कारखाना 'आजारी उद्योग' ठरला. डिजिटलचा तडाखा बसला तो त्यानंतर. पुढे तो कायमचा बंद पडला.

आज भारतात रोल घेणाऱ्याला तो परदेशातून आलेला मिळतो. काही हुशार मंडळी सिनेमाचे 122 मीटरचे रीळ विकत घेतात आणि अंधारात तुकडे करून डब्यांत भरतात. 122 ला 1.6 ने भागून पाहा. एका रिळात पंचाहत्तरच्या आसपास रोल बसतात, आणि एकेक रोल दुकानातल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. अडचण एवढीच, की अशा फिल्मच्या पाठीला अनेक वर्षे काजळीसारखा काळा थर असे. तो आधी धुऊन काढावा लागतो, आणि साधा स्टुडिओ अशी फिल्म आपल्या यंत्रात घालू देत नाही.