आरोग्य-चिंतन : नखांची साक्ष

आपल्या मराठी भाषेत ‘नखशिखान्त’ असा एक सुंदर शब्द आहे. माणसाचे पुरते दर्शन घ्यावयाचे, तर नखापासून आरंभ करून शेंडीपर्यंत जावे, असा त्याचा भाव. वैद्यकाचेही म्हणणे याहून फारसे निराळे नाही. अनुभवी डॉक्टर नाडी पाहता पाहता रोग्याच्या नखांवरूनही नजर फिरवितो. गणेशोत्सवाच्या या अंकात आपण त्या इवल्याशा अवयवाचाच विचार करू.

नख केराटिन नामक प्रथिनाचे बनलेले असते. बाहेर दिसणारा त्याचा भाग निर्जीव असतो. म्हणूनच नख कापताना दुखत नाही. त्याचा जन्म मुळाशी, त्वचेच्या घडीखाली असलेल्या जिवंत पेशींत होतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते व पुरते नवे होण्यास सुमारे ६ महिने घेते. पायाच्या अंगठ्याच्या नखास तर वर्ष-दीड वर्ष लागते. त्यामुळे शरीरावर आलेले मोठे संकट नखावर नोंदले जाते. कडक ताप वा मोठे आजारपण आले की वाढ काही काळ थबकते, आणि पुढे नखांवर आडवी चर दिसू लागते. बो या फ्रेंच वैद्याने १८४६ साली या चरांचे वर्णन केले. त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. चर मुळापासून किती अंतरावर आहे हे मोजले, तर दुखणे केव्हा होऊन गेले याचाही अंदाज बांधता येतो.

आता घरातलीच एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी मोदकांची तयारी चालली होती. आमच्या काकी पारीला मुखऱ्या पाडीत होत्या. शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. ती परिचारिका आहे. काकींच्या बोटांकडे पाहता पाहता ती थांबली आणि म्हणाली, “काकी, तुझी नखं अशी कधीपासून झाली गं?” काकी हसून उत्तरल्या, “अगं, जन्मभर भांडी घासली, ऊस तोडला. आता या वयात नखं काय नवरीसारखी राहणार?” बहिणीने बोट बुडवून पाण्याचा एक थेंब त्यांच्या नखावर ठेवला. तो ओघळला नाही. वाटीत बसावा तसा तिथेच बसून राहिला.

नख मध्ये खोलगट व कडेने उचललेले, चमच्यासारखे झाले होते. शरीरातील लोह दीर्घकाळ कमी पडल्याची ही एक जुनी, परिचित खूण होय. काकींना जिना चढताना धाप लागे, दुपारी चक्कर येई. पण “वय झाले” या दोन शब्दांखाली आम्ही सर्वांनी ते झाकून टाकले होते. एका दुकानातून शक्तीचे औषध आणून दिले व आपले कर्तव्य झाले, असे मानले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७ निघाले. स्त्रियांत ते किमान १२ असावे लागते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीच्या अंगातील लोह जाते कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. तपासाअंती मोठ्या आतड्यात एक गाठ सापडली. तिच्यातून दिवसेंदिवस थोडे थोडे रक्त झिरपत होते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि काकी आजही आमच्यात आहेत. वाचकहो, त्या दिवशी कोणी त्या नखांकडे पाहिले नसते तर काय झाले असते, हा विचार मला प्रत्येक चतुर्थीला येतो.

लोहाच्या बाबतीत आहाराचेही थोडे पाहू. आपल्या ताटातील मसूर, ब्रेद आणि शेवग्याचा पाला, म्हणजे येथील ब्रेद मुरूम, यांतून लोह मिळते. त्यासोबत लिंबू किंवा पेरू घेतला तर ते अंगी अधिक लागते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते. सबब आपला आवडता व्हॅनिलाचा चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

नखांच्या आणखीही काही खुणा आहेत. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली, तर फुप्फुसाच्या वा हृदयाच्या विकाराची शंका घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील हृदयतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ साली याची एक सोपी कसोटी सांगितली. ती त्यांना स्वतःच्या आजारपणात सुचली होती. दोन्ही हातांची सारखीच बोटे नखाला नख लावून धरावीत. मध्ये चौकटच्या आकाराची लहानशी फट दिसली तर ठीक. ती बुजली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक सर्व नख पांढरे होऊन टोकाशीच गुलाबी पट्टी उरली, तर यकृताची तपासणी करतात. नखे अचानक निळसर झाली व श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी काळी रेघही दुर्लक्षू नये. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. तथापि क्वचित तो त्वचेचा कर्करोग असतो. जमैकाचे प्रख्यात गायक बॉब मार्ली यांचा रोग पायाच्या नखाखाली सुरू झाला. १९७७ साली त्याचे निदान झाले आणि १९८१ साली, अवघ्या ३६व्या वर्षी, ते निवर्तले.

मात्र प्रत्येक डागाला भिऊ नये. नखांवरील पांढरे ठिपके कॅल्शियमच्या अभावाने पडतात, हा समज चुकीचा आहे. बहुधा ते एखाद्या विसरलेल्या ठेचेचे स्मारक असते. उभ्या बारीक रेषा वयोमानाने येतातच. नख हा साक्षीदार आहे. निवाडा डॉक्टरांनीच करावयाचा. मात्र त्यांच्याकडे जाताना नखांवरचा रंग पुसून जावे. झाकलेला साक्षीदार बोलणार कसा?

१८३४ पासून आपले पूर्वज करारावर या बेटावर उतरले, तेव्हा त्यांची उंची व अंगावरील खुणा नोंदवहीत लिहिल्या जात. ती नोंद त्यांना ओळखण्यासाठी होती, त्यांच्या काळजीसाठी नव्हे. ती काळजी घेणे आता आपल्या हाती आहे. आज मॉरिशसमध्ये दर पाच प्रौढांत सुमारे एकाला मधुमेह आहे; अशा व्यक्तीच्या पायाचे जाड, पिवळे किंवा आत रुतलेले नख मोठ्या जखमेचे मूळ होऊ शकते. म्हणून या उत्सवात वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना क्षणभर थांबा आणि त्यांच्या नखांकडे पाहा. नमस्कारही घडेल आणि सेवाही.